झोप बोलावून येत नाही

(कार्यकर्ता कुटुंबांच्या एकत्रीकरणात ‘निद्रानाश आणि दिनचर्या’ या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महाभारताच्या उद्योगपर्वात प्रजागरपर्व नावाचे एक उपपर्व आहे. प्रजागर म्हणजे जागरण, डोळ्याला डोळा न लागणे. पांडवांकडे बोलणी करण्यासाठी गेलेला संजय हस्तिनापुरास परततो, धृतराष्ट्राची मोजक्या शब्दांत कानउघाडणी करतो आणि पांडवांचा निरोप उद्या सभेतच सांगेन, असे म्हणून निघून जातो. त्या रात्री वृद्ध राजाला झोप येत नाही. तो विदुराला बोलावून घेतो आणि अंगाची लाही होत असल्याचे सांगतो. विदुर त्याला प्रथम झोप कोणाची उडते ते ऐकवतो. बलाढ्याने ग्रासलेला दुर्बळ, सर्वस्व हरपलेला, कामातुर आणि चोर. मग तो शांतपणे विचारतो, की राजा, यांपैकी एखादा दोष तुला तर शिवला नाही ना? परक्या धनाचा लोभ तर जाळत नाही ना? विदुरनीती म्हणून जो भाग स्वतंत्र पुस्तकाच्या रूपाने आज घरोघरी वाचला जातो, तो मुळात झोप उडालेल्या एका माणसाशी रात्रभर केलेला संवाद आहे.

धृतराष्ट्राच्या बाबतीत विदुराचे निदान अचूक होते. परंतु ज्याने कोणाचे काही हिरावलेले नाही, ज्याचा संसार सरळमार्गी झाला, असा सज्जन गृहस्थही आज रात्री तीन वाजता छताकडे पाहत पडलेला असतो. त्याला नीतीचा उपदेश करून झोप लागणार नाही. त्याचे दुखणे निराळे आहे.

कमी झोप वेगळी, निद्रानाश वेगळा

येथे एक घोटाळा आधीच दूर केला पाहिजे. झोपेला वेळच न देणे ही एक गोष्ट, आणि वेळ देऊनही झोप न येणे ही दुसरी. पहाटे पाचला डब्यासाठी उठणारी आणि सर्वांचे आटोपून साडेअकराला अंथरुणाला पाठ टेकणारी गृहिणी बहुधा पडताक्षणी झोपते. तिला निद्रानाश नाही, तिला झोप मिळत नाही. तिच्यावरचा उपाय वैद्याकडे नसून घरातल्या इतर माणसांच्या हातात आहे. रात्रीची भांडी आणि सकाळची भाजी चिरण्याचे काम कोणी उचलले, तर तो उपाय त्याच दिवशी सुरू होतो.

निद्रानाश म्हणजे अंथरुणावर पुरेसा वेळ असूनही झोप लागण्यास विलंब होणे, मध्ये जाग येऊन पुन्हा न लागणे किंवा फार लवकर जाग येणे, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या कामावर, मनावर दिसणे. आठवड्यातून किमान तीन रात्री असे होत असेल आणि ते तीन महिने टिकले असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट निद्रानाश म्हणते. परीक्षेच्या किंवा लग्नघाईच्या चार रात्री यात मोडत नाहीत.

कार्यकर्त्यांच्या वर्तुळात याला आणखी एक पैलू आहे. ‘अमुकजी चारच तास झोपतात’ हे वाक्य आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. अर्जुनाला गुडाकेश, म्हणजे झोपेवर विजय मिळवलेला, म्हटले आहे, हा दाखला तयारच असतो. परंतु त्याच अर्जुनाला गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे, की अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही. या अर्ध्या वाक्यापैकी पहिला भाग बौद्धिकांत पुष्कळदा येतो. दुसरा सहसा राहून जातो. चरकाचार्यांनी तर आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सुख-दुःख, बल-दौर्बल्य, ज्ञान-अज्ञान, इतकेच नव्हे तर जीवन आणि मरणही त्यांनी निद्रेच्या आधीन सांगितले आहे. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ साली संयुक्तपणे दिलेला सल्ला प्रौढांनी रोज सात तास किंवा अधिक झोपावे असा आहे. समर्थांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपणासाठी एक संपूर्ण समास दिला आहे. निजलेल्या माणसांच्या तऱ्हा त्यात त्यांनी इतक्या मिस्कीलपणे टिपल्या आहेत, की कथेला येऊन पेंगणाऱ्या श्रोत्यांचा त्यांना भरपूर अनुभव असला पाहिजे.

वर्गातली झोप

संघ शिक्षा वर्ग केलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट आठवत असेल. मे महिन्याचा उकाडा, शाळेची खोली, खाली सतरंजी, डास, आणि शेजारी घोरणारे दहाजण. तरीही दिवे मालवले की पाच-दहा मिनिटांत झोप. तोच स्वयंसेवक वर्ग संपवून घरी येतो, गादीवर पंख्याखाली निजतो आणि दोन आठवड्यांत पुन्हा बारा वाजेपर्यंत कूस बदलू लागतो. गादी चांगली, खोली शांत, मग बिघडले काय?

याचे उत्तर समजले तर झोपेचे निम्मे शास्त्र समजते. झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते, अशी मांडणी आलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने १९८२ साली केली आणि ती आजही आधारभूत मानली जाते. पहिली गोष्ट म्हणजे जागेपणी साठत जाणारा झोपेचा दाब. माणूस जितका वेळ जागा राहतो, तितके मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेची ओढ वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातील घड्याळ. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंजका सुमारे चोवीस तासांचा ताल धरतो आणि सकाळच्या उजेडाने तो रोज जुळवून घेतला जातो. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गात या दोन्ही गोष्टी आपोआप जुळतात. उठण्याची वेळ एकच, मग रात्र कशीही गेलेली असो. उठताच मोकळ्या मैदानावर उजेड. सकाळ-संध्याकाळ संघस्थानावर घाम निघतो. लोळायला मुभा नाही, खिशात मोबाइल नाही, आणि अंथरूण रात्री घालायचे व सकाळी गुंडाळून ठेवायचे. हा शेवटचा मुद्दा सर्वांत किरकोळ वाटतो, पण तो फार महत्त्वाचा आहे.

निद्रानाश घर कसे करतो

एक घर डोळ्यांसमोर आणावे. जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. वय पासष्ट. दोन वर्षांपूर्वी पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांची झोप उडाली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पत्नी हिंडूफिरू लागली, पण काकांची झोप परतली नाही. त्यांनी आपल्या परीने उपाय केले. रात्री उशिरा झोप लागते म्हणून साडेनऊलाच अंथरुणावर पडू लागले. सकाळी थकवा वाटतो म्हणून सहाचे उठणे कधी सात, कधी आठवर गेले. दुपारची वामकुक्षी वीस मिनिटांची होती, ती दीड तासाची झाली. पहाटेचे फिरणे सुटले. रात्री जाग आली की उशाशी ठेवलेल्या मोबाइलवर किती वाजले ते पाहायचे, आता चारच तास उरले असा हिशेब करायचा आणि डोळे घट्ट मिटून झोपेचा प्रयत्न करायचा.

हा प्रत्येक उपाय समजूतदार दिसतो, आणि त्यातला प्रत्येक उपाय निद्रानाशाला खतपाणी घालतो. आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली याची उकल तीन पायऱ्यांत केली. काही माणसांची प्रकृतीच हलक्या झोपेची असते, ती जणू सुकलेली गंजी. एखादे संकट येते, ती ठिणगी. संकट सरले की ठिणगी विझते. पण तोवर माणूस आपल्या धडपडीने सरपण घालू लागलेला असतो आणि आग त्या सरपणावर चालू राहते. दोन वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया आता काकांच्या निद्रानाशाचे कारण उरलेली नाही. दीड तासाची वामकुक्षी आणि साडेनऊचे अंथरूण हे कारण आहे.

लवकर पडण्याबद्दल थोडे अधिक सांगावे लागेल, कारण ‘लवकर निजे’ ही शिकवण आपल्या अंगात मुरलेली आहे. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास हे शरीरातील घड्याळ माणसाला विशेष जागे ठेवते. त्या काळात अंथरुणावर पडून झोपेची वाट पाहणे म्हणजे गाडी सुटायच्या तीन तास आधी फलाटावर जाऊन प्रत्येक शिट्टीला उठून उभे राहण्यासारखे आहे. परंपरेने आपल्याला खरे बळ दिले ते उठण्याच्या बाजूने. ब्राह्ममुहूर्तावर उठावे, सूर्याला अर्घ्य द्यावे, मग कामाला लागावे. उठण्याची वेळ पक्की झाली की निजण्याची वेळ आपोआप मागून येते. उलट क्रमाने सहसा घडत नाही.

अंथरुणाची ओळख पुन्हा करून देणे

महिनोन्‌महिने अंथरुणात तळमळत पडल्यामुळे आणखी एक विचित्र गोष्ट घडते. हॉलमध्ये बातम्या पाहताना काकांना डुलक्या येतात. काकू म्हणतात, ‘अहो, आत जाऊन झोपा.’ ते आत जातात, डोके उशीवर टेकतात आणि लख्ख जागे होतात. अंथरूण आणि तळमळ यांची गाठ इतकी घट्ट बसलेली असते, की अंथरूण हाच जागे होण्याचा इशारा होऊन बसतो. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली ही गाठ सोडवण्याची पद्धत मांडली. ती ऐकायला सोपी आणि पाळायला कठीण आहे.

झोप आल्याखेरीज अंथरुणावर जाऊ नये. थकवा आणि झोप यांतला फरक ओळखावा. डोळे मिटू लागणे, मान कलंडणे ही झोप, नुसते अंग दुखणे ही नव्हे. अंथरुणावर वाचन, मोबाइल, हिशेब, फोन काहीही नको. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले, तर उठून दुसऱ्या खोलीत जावे. वेळ अंदाजाने ठरवावी, घड्याळ पाहू नये. किंबहुना शयनगृहातील घड्याळाचे तोंड भिंतीकडे करून ठेवावे. मंद दिव्यात बसून काहीतरी निरुपद्रवी करावे. जपमाळ ओढावी, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालाव्यात, अनेकदा वाचलेले पुस्तक पुन्हा चाळावे. झोप आली की परत जावे. पुन्हा न लागल्यास पुन्हा उठावे. पहिल्या आठवड्यात एका रात्रीत चार वेळाही उठावे लागेल. आणि सकाळी मात्र ठरल्या वेळेला उठायचे, मग रात्र दोन तासांची झालेली असो. दुपारची झोप या काळात वर्ज्य.

एकत्र कुटुंबात किंवा दोन खोल्यांच्या घरात हे जमायचे कसे, ही शंका रास्त आहे. दुसरी खोली नसेल तर अंथरुणावरून उठून खुर्चीवर बसले तरी चालते. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांना वर्गाप्रमाणे दिवसा ते गुंडाळून ठेवता येते. ज्यांच्या घरी पलंग हाच सोफा, जेवणाचे टेबल आणि कार्यालय झाला आहे, त्यांनी निदान दिवसा त्यावर बसणे सोडावे.

दुसरी पद्धत स्पीलमन यांची, आणि ती ऐकून बहुतेक जण दचकतात. झोप येत नाही अशा माणसाला ती अंथरुणात कमी वेळ राहायला सांगते. काकांनी दोन आठवडे एका वहीत रोज सकाळी अंदाजाने नोंदी केल्या असे समजावे. ते साडेनऊ ते सहा, म्हणजे साडेआठ तास अंथरुणात असतात आणि प्रत्यक्ष झोप सरासरी साडेपाच तास होते. याचा अर्थ शंभरातले सुमारे पासष्ट टक्केच सत्कारणी लागतात. उरलेले तीन तास तळमळीचे. मग त्यांना साडेपाच तासच अंथरूण द्यायचे. उठायची वेळ साडेपाच ठरली, तर निजायचे रात्री बाराला. त्याआधी कितीही पेंग आली तरी नाही. पहिले आठ-दहा दिवस कष्टाचे जातात, दिवसा डोळे चुरचुरतात. पण झोपेचा दाब साठतो, तुकड्यातुकड्यांची झोप सलग होऊ लागते. अंथरुणातील वेळेपैकी पंच्याऐंशी टक्के किंवा अधिक वेळ झोपेत जाऊ लागला, की आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवायची. बारा, मग पावणेबारा, मग साडेअकरा. पुरेशी झोप मिळून दिवस ताजातवाना जाऊ लागला, की तेथे थांबायचे.

ही खिडकी पाच तासांच्या खाली कधीही नेऊ नये. वाहन चालवणारे, यंत्रावर काम करणारे, अपस्माराचे किंवा उन्माद-नैराश्याचा विकार असलेले रुग्ण यांनी हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये. तोल जाऊन पडण्याची भीती असलेल्या वृद्धांनीही नाही.

या दोन पद्धती, विचारांची दुरुस्ती आणि शरीर सैल सोडण्याचा अभ्यास मिळून जे उपचार होतात, त्यांची शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली जुनाट निद्रानाशाच्या सर्व प्रौढ रुग्णांसाठी केली, आणि तीही गोळीच्या आधीचा उपचार म्हणून. २०२१ साली तेथील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने आणखी स्पष्ट सांगितले, की ‘चहा सोडा, खोली अंधारी ठेवा’ एवढ्याच सूचनांवर जुनाट निद्रानाशात विसंबू नये. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत मात्र अनेकदा एवढेच छापून येते, आणि ते सर्व निष्ठेने करूनही झोप न आलेला माणूस आपलेच काहीतरी चुकते असे समजून अधिक खचतो.

लहान-मोठ्या सवयी

याचा अर्थ या गोष्टी निरुपयोगी आहेत असा नव्हे. चहा-कॉफीतले कॅफीन अ‍ॅडेनोसिनची वाट अडवते, आणि घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे साधारण पाच तासांनंतरही शरीरात असते. सायंकाळच्या बैठकीतला सहाचा चहा अकरा वाजता अर्धा शिल्लक असतो. दुपारी तीननंतर चहा नको, हा नियम झोप बिघडलेल्यांनी पाळून पाहावा. मद्याने झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडते. तंबाखू उत्तेजक आहे, जेवणानंतर चिमूटभर तोंडात टाकणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावे.

जुन्या घरांतला संध्याकाळचा क्रम आठवून पाहावा. दिवेलागण, शुभंकरोती, मुलांचा परवचा, जेवण, अंगणातली शतपावली, आणि मग आजीने काशाच्या वाटीने नातवाच्या किंवा आजोबांच्या तळपायाला तूप चोळणे. चरकाचार्यांनी झोप उडालेल्यासाठी अभ्यंग, स्नान, अंग चेपणे, दूध, सुगंध, मनाला रुचणारा नाद आणि सुखद शय्या सांगितली आहे. झोप आणणाऱ्या पदार्थांत त्यांनी म्हशीच्या दुधाला अग्रस्थान दिले. जायफळ घातलेल्या दुधाने जुनाट निद्रानाश बरा होतो असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु रोज त्याच क्रमाने, मंद उजेडात, हळू हळू घर शांत होत जाणे ही गोष्ट शरीराला कळते. त्या जागी आज रात्री नऊला दूरचित्रवाणीवर चार माणसे एकाच वेळी ओरडत असतात आणि साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर इतिहासावरून वाद पेटलेला असतो. पडद्याच्या निळसर उजेडाचा दोष सर्वत्र सांगितला जातो. त्याहून मोठा दोष त्या वादाचा आहे. दोन इसमांना निरुत्तर करून पलंगावर पडलेल्या माणसाला झोप कशी येणार?

काळजीचे काय करावे? मनात काळजी आणू नकोस, असे सांगून ती कधी जात नाही. तिला दिवसातली वेळ नेमून द्यावी. सायंकाळी सहा-साडेसहाला पंधरा मिनिटे वही घेऊन बसावे. मुलीचे लग्न, गुडघ्याची शस्त्रक्रिया, सोसायटीचा दावा, जे असेल ते लिहावे आणि प्रत्येकापुढे उद्या करण्याजोगे एक पाऊल लिहावे. रात्री तोच विचार आला, की तो वहीत आहे एवढे स्वतःला सांगावे. शवासन, संथ श्वसन, नामस्मरण यांचा उपयोग होतो, मात्र ‘याने झोप आलीच पाहिजे’ अशा ईर्ष्येने केले तर होत नाही. नामस्मरण नामासाठी करावे. झोप आली तर आली.

गोळीचा प्रश्न

शेजारच्या काकांना लागू पडली म्हणून अर्धी गोळी मागून घेणे आपल्याकडे सर्रास चालते. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे परिशिष्ट ‘एच-एक’ मध्ये आहेत. २०१४ पासून अशी औषधे देताना औषधविक्रेत्याने चिठ्ठी पाहून वेगळ्या नोंदवहीत नोंद करावी आणि ती तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो हे प्रत्येकाला आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानावरून ठाऊक आहे. या गोळ्यांना स्थान नाही असे नाही. मृत्यूसारख्या आघातात, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टर त्या देतात आणि तेव्हा त्या घ्याव्यात. महिनोन्‌महिने घेतल्यास मात्र त्यांची सवय जडते, वृद्धांमध्ये पडण्याचा आणि विसरण्याचा धोका वाढतो. आणि हे व्याख्यान ऐकून आज रात्रीपासून कोणी गोळी एकदम बंद करू नये. अनेक वर्षांची गोळी एकाएकी थांबवली तर झोप आधीपेक्षा वाईट उडते, क्वचित झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, पावलापावलाने कमी करायची असते.

काही जणांनी सवयींच्या आधी थेट डॉक्टर गाठले पाहिजेत. मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास अडून गुदमरत जागा होणारा आणि दिवसा बसल्या जागी पेंगणारा माणूस निद्रानाशाचा नव्हे, तर श्वास अडण्याच्या विकाराचा रुग्ण असू शकतो. त्याला झोपेची गोळी अपायकारक ठरू शकते. रात्री पायांत अस्वस्थ वळवळ होणे, लघवीसाठी चार-पाच वेळा उठावे लागणे, थायरॉइडचे विकार, स्त्रियांना रजोनिवृत्तीच्या काळात अंग तापून येणारी जाग, यांवर वेगळे उपचार आहेत. पहाटे तीन-चारला जाग येऊन मन काळवंडणे आणि कशातच रस न वाटणे हे नैराश्याचे लक्षण असू शकते. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानण्याचे दिवस आता सरले पाहिजेत.

घराची आणि समाजाची बाजू

हिंजवडीला किंवा ऐरोलीला रात्रपाळी करणारा मुलगा सकाळी सातला घरी येतो. तो नऊला झोपला की दहाला कामवाली, अकराला कुरिअर, बाराला आत्याचा फोन. त्या मुलाच्या खोलीला जाड पडदे हवेत, दाराची घंटा बंद हवी, आणि तो कार्यालयात आहे असे समजून घराने वागायला हवे. लहान मुलांच्या झोपेचा विचार महाराष्ट्रात निदान सुरू झाला. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये शाळांच्या वेळेचा प्रश्न मांडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा शासन निर्णय निघाला. मुले रात्री अकराला झोपू लागली तर मात्र हा निर्णय वाया जाईल.

रामलीला मैदानावर ४ जून २०११ च्या मध्यरात्री झोपलेल्या सत्याग्रहींवर पोलीस चालून गेले, ते सर्वांना स्मरत असेल. त्या प्रकरणी फेब्रुवारी २०१२ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झोप हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग असल्याचे नमूद केले. तो अधिकार मांडवाशेजारच्या इमारतीत राहणाऱ्या हृदयरुग्णालाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवायचे असतात, आणि वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. नियम सर्वांना एकच आहे. इतरांच्या भोंग्यांविषयी बोलताना आपल्या मंडळाचा आवाज दहाला बंद झाला का, हेही पाहिले गेले पाहिजे. आपल्या परंपरेत जागर आहे, पण तो पंचांगातून येतो. कोजागरी वर्षातून एकदा, महाशिवरात्र एकदा, जागरण-गोंधळ कार्य असेल तेव्हा. रोजची कोजागरी कोणत्याही धर्मग्रंथाने सांगितलेली नाही.

आणि बैठकींची वेळ. साडेनऊची बैठक दहाला सुरू होते, साडेअकराला संपते, मग रस्त्यावर दुचाकीला टेकून पाऊण तास खरी बैठक होते. घरी पोचायला साडेबारा, आणि सकाळी प्रभात शाखा. पस्तिशीपर्यंत शरीर हे सोसते. पन्नाशीत रक्तदाबाच्या गोळीबरोबर झोपेची गोळी येते आणि चांगला कार्यकर्ता चिडचिडा होतो. बैठक आठला घेऊन साडेनऊला संपवता येते. काही ठिकाणी तशी ती होतेही.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी शंभर पानी वही घ्यावी. रोज सकाळी, घड्याळ न पाहता केवळ अंदाजाने, सहा गोष्टी लिहाव्यात. अंथरुणावर केव्हा गेलो, झोप सुमारे केव्हा लागली, किती वेळा जाग आली, केव्हा उठलो, दुपारी किती झोपलो, शेवटचा चहा केव्हा घेतला. दोन आठवडे काहीही बदलू नये, फक्त लिहावे. पंधराव्या दिवशी ती पाने घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. ‘झोप येत नाही’ या तीन शब्दांपेक्षा त्या चौदा ओळींवरून त्यांना पुष्कळ अधिक कळेल.